भाड्याच्या घरातला दस्तरख्वान

औरंगाबादला बावन्न दरवाज्यांचे शहर म्हणतात. त्यांतले काही दरवाजे आजही उभे आहेत, तर काहींचे फक्त नाव मोहल्ल्याला चिकटून राहिले आहे. रोशन गेटच्या मागच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, आम्ही भाड्याने घर घेतले. करारनाम्यावर शहराचे नवे नाव, छत्रपती संभाजीनगर, छापलेले होते. अम्मींच्या तोंडी मात्र औरंगाबादच. करार अकरा महिन्यांचा, अनामत चाळीस हजार, आणि खाली दोन अटी हाताने लिहिलेल्या : भिंतीला खिळा ठोकायचा नाही, विचारल्याशिवाय रंग लावायचा नाही.

घर दाखवताना घरमालकांनी हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मधली खोली मोठ्या कौतुकाने दाखवली. "डायनिंग रूमसुद्धा आहे," ते म्हणाले. आठ फूट बाय सात फूट. एक खिडकी, तीही इमारतीच्या मधल्या बोळात उघडणारी. भिंतींना गुलाबी ऑइल पेंट, त्याला ओलीमुळे आलेले फुगे. आम्ही मान हलवली आणि सामान आले त्या दिवशी न उघडलेली सगळी खोकी त्या खोलीत रचून टाकली. अकरा महिन्यांनी पुन्हा बांधायचेच आहे, मग उघडा कशाला, असा आमचा हिशेब.

हा हिशेब चुकीचा होता, हे कळायला तीन महिने लागले.

आम्ही पैठणचे. तिथे आमचे स्वतःचे घर आहे, लहानसे अंगण आणि लांब ओसरी. अब्बा असेपर्यंत त्या ओसरीवर दोन्ही वेळा दस्तरख्वान पसरला जायचा. जाड सुती कापड, कडेला लाल पट्टी, अम्मींनी स्वतः शिवलेली. अब्बांचा इंतकाल झाला, अम्मींचे गुडघे गेले, आमची नोकरी आणि मोठीची दहावी शहरात. म्हणून अम्मींना घेऊन आलो. पैठण इथून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. पण अम्मींसाठी ते अंतर फार मोठे होते.

इथे आम्ही कसे जेवत होतो? मुले टीव्हीसमोर. आम्ही दोघे शाळेच्या घाईत ओट्यापाशी उभ्याने. अम्मी त्यांच्या खाटेवर, मांडीवर ताट घेऊन. एकदा त्यांची चादर बदलताना उशीमागे कागदात गुंडाळलेली दीड भाकरी सापडली. टाकून द्यायला मन होत नव्हते म्हणून कावळ्या-चिमण्यांसाठी ठेवलेली. विचारले, तर म्हणाल्या, "अकेले क्या खाना बेटा, निवाला उतरता नहीं."

त्या रात्री आम्ही खोकी बाहेर काढली.

पहिली चूक उत्साहाच्या भरात झाली. दुकानात जाऊन चार खुर्च्यांचे टेबल घेतले. दुकानाच्या मोठ्या जागेत ते इवलेसे दिसले होते. घरी आल्यावर कळले की टेबल मावते, पण माणूस मावत नाही. खुर्ची मागे ओढून बसायला आणखी दोन फूट तरी लागतात. आमच्या खुर्च्या भिंतीला लागत होत्या आणि एक तर स्वयंपाकघराचे दारच अडवत होती. अम्मींना बसवले, तर त्यांचे पाय अधांतरी. दहा मिनिटांत पायाला मुंग्या आल्या. "मुझे खाट ही अच्छी," म्हणत त्या उठल्या. टेबल परत केले. टेम्पोचे जाणे-येणे आणि दुकानदाराने कापून घेतलेले धरून दीड हजाराला खड्डा पडला.

मग खाली बसून जेवावे का? सुन्नत म्हणून, सवय म्हणूनही, आम्हाला ते आवडले असते. पण डॉक्टरांनी अम्मींना जमिनीवर बसायला साफ मनाई केली होती. आम्ही सगळे खाली आणि घरातली सर्वांत मोठी व्यक्ती बाजूला खुर्चीवर, हेही बरे दिसेना.

त्या रविवारी मुलांना घेऊन पानचक्कीला गेलो. महमूद दरवाज्याजवळ, खाम नदीच्या काठी. 1610 मध्ये मलिक अंबरने खडकी हे शहर वसवले. त्यानेच जमिनीखालच्या नहरींचे जाळे टाकले. पुढे त्याच धर्तीवर कित्येक किलोमीटरवरून मातीच्या नळांतून पाणी पानचक्कीपर्यंत आणले गेले. ते उंच भिंतीवरून हौदात पडते आणि त्या जोरावर जाते फिरत असे. बुखाऱ्याजवळच्या गुजदवानहून आलेले बुजुर्ग बाबा शाह मुसाफिर यांची खानकाह इथे होती. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पिठाची सोय या जात्यावर होई. हौदाच्या तळाखाली एक दालन आहे. वर पाणी, खाली माणसांना थंडावा.

हौदाच्या काठावर बसल्यावर धाकट्याने विचारले, "जे लोक दोन दिवस राहून जाणार, त्यांच्यासाठी एवढं सगळं केलं?"

आम्ही शिक्षक. मुलांच्या प्रश्नाला उत्तर द्यायची आमची सवय. पण याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. आम्ही तर आपल्याच आईसाठी अकरा महिन्यांचा हिशेब करत होतो.

दुसऱ्या दिवशी शिवणकामाची टेप घेतली आणि खोली मोजण्याआधी अम्मींना मोजले. टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या बाजूपर्यंत पंधरा इंच. बाजारातली खुर्ची साधारण अठरा इंचांची. पाय अधांतरी राहायचे कारण हेच. बैठक आणि टेबल यांत दहा-अकरा इंचांचे अंतर असले की हात सुखाने पोचतो. म्हणजे बैठक पंधरा, टेबल सव्वीस इंच. आणि खुर्चीऐवजी भिंतीला लागून बाकडे. बाकड्याला मागे ओढावे लागत नाही, तेवढी जागा वाचते.

जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात जुन्या वस्तूंबरोबर पाडलेल्या घरांचे लाकूडही मिळाले. तिथून एका जुन्या चौकटीच्या सागवानी फळ्या घेतल्या. शहागंजजवळच्या एका सुताराने त्यांचे पाच फुटांचे बाकडे करून दिले, खाली उघडा कप्पा ठेवून. त्यात आता डाळ-तांदळाचे डबे असतात. फोल्डिंगचे चार फूट बाय दोन फूट टेबल घेतले आणि त्याचे पाय त्याच सुताराकडून तीन इंच कापून घेतले. जेवण झाले की टेबल मिटून भिंतीला उभे. बाकड्यावर तिघे, समोर घरातल्याच दोन स्टुलांवर दोघे. पाच माणसे बसतात आणि स्वयंपाकघराची वाट मोकळी राहते.

भिंतीचा प्रश्न होता. ऑइल पेंट ओल आत कोंडून धरतो, म्हणून फुगे येतात. घरमालकांना फोन करून विचारले, "एकच भिंत खरवडून चुना लावू का? खर्च आमचा." ते म्हणाले, "लावा, पण पांढराच." चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो, ओल सुकत राहते. पांढऱ्या भिंतीमुळे खोलीत उजेडही वाढला. खिडकीसमोर बाकड्याच्या टोकाला जुना आरसा टेकवून ठेवला, खिळा न ठोकता. बोळातून येणारा थोडासा उजेड त्यामुळे आत फिरतो. छताला आधीच असलेल्या होल्डरमधून वायर लांबवून पिवळसर दिवा टेबलावर खाली आणला. पांढऱ्या दिव्याखाली सालन फिके दिसत होते, ते आता सालनासारखे दिसते.

शोभेची वस्तू एकच घेतली : हिमरूचा लहान तुकडा. ताणा सुती, बाणा रेशमी. असे सांगतात की हे नाव सारखेपणा दाखवणाऱ्या फारसी शब्दावरून आले. सोन्या-चांदीच्या तारांचे किमख्वाब बादशाह-अमिरांसाठी. तसेच दिसणारे, पण ऐपतीत बसणारे ते हिमरू. विणकराने तुकडा उलटा करून मागचे मोकळे धागे दाखवले आणि बजावले, "याला धुवायचे नाही, घासायचे नाही." म्हणून टेबलावर न घालता खिडकीच्या गजाला सुतळीने काठी बांधून त्यावर सोडला. बोळाची कळकट भिंत त्याच्यामागे झाकली गेली.

एकूण खर्च सांगतो, कारण सजावट म्हटली की आपण एकतर इसराफ करतो, नाहीतर काहीच करत नाही. बाकडे 2,800, टेबल 2,200, हिमरू 900, चुना आणि मजुरी 400, दिवा-वायर 350. सहा हजार सहाशे पन्नास. यातला चुना तेवढा इथे राहील, बाकी सगळे आमच्याबरोबर पुढच्या घरी येईल. भाडेकरूंनी एवढे केले तरी पुरे : भिंतीवर कमी, सोबत नेता येईल त्यावर जास्त, घरमालकाची परवानगी आधी, आणि घर घेतल्या दिवशीच भिंतींचे फोटो काढून ठेवावेत, म्हणजे अनामत परत घेताना वाद होत नाही.

खोली तयार झाली त्या संध्याकाळी मोठीने टेबल मांडले आणि प्लॅस्टिकचे कव्हर घालू लागली. अम्मी दारात उभ्या होत्या. काही न बोलता खोलीत गेल्या, पेटीतून पैठणचा दस्तरख्वान घेऊन आल्या. टेबलापेक्षा तो खूप मोठा. त्यांनी दुहेरी घडी केली, लाल पट्टी कडेला येईल अशी फिरवली आणि बाकड्यावर बसल्या. पाय जमिनीला टेकले होते. बिस्मिल्लाह म्हणून पहिला घास घेतला आणि धाकट्याला टोकल्या, "अपने सामने से खा." हे वाक्य आम्ही सहा महिन्यांत ऐकले नव्हते.

त्या रात्री अम्मींनी दोन भाकरी खाल्ल्या.

अकराव्या महिन्यात घरमालक पत्नीसह करार वाढवायला आले. आधी त्यांची नजर भिंतींवर फिरली. खिळा कुठेच नव्हता. जेवायची वेळ झाली होती आणि आम्ही काही बोलायच्या आत अम्मींनीच त्यांना थांबवून घेतले. त्या घराला पराया घर म्हणणाऱ्या अम्मींनी तिथे बोलावलेले हे पहिले मेहमान. धाकट्याला पिटाळून बाजारातून नान-खलिया आणवला. बाकड्यावर अम्मींच्या एका बाजूला घरमालकीण, दुसऱ्या बाजूला मोठी. आम्ही उभ्याने वाढत होतो, पण या वेळी तक्रार नव्हती.

भाडे मात्र पाचशे रुपयांनी वाढलेच.

ते गेल्यावर अम्मींनी दस्तरख्वान झटकला, घडी घातली आणि विचारले, "इस घर से निकले तो ये बाकडा साथ आएगा ना?"

"आएगा, अम्मी."

"तो ठीक है," म्हणाल्या आणि टेबल मिटायला आमच्याआधी उठल्या.