रक्ताचा भूतकाळ

मराठीच्या अध्यापकाला क्षय प्रथम भेटतो तो चरित्रांच्या शेवटच्या पानावर. आनंदीबाई जोशी १८८७ साली, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच गेल्या. राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारीत आमच्या विदर्भातल्या सावनेरला. वर्गात 'क्षयाने निधन' एवढे सांगून आपण पुढच्या नाटकाकडे वळतो. कॉखने जंतू १८८२ मध्येच दाखवला होता. पण परिणामकारक औषध १९४० च्या दशकापर्यंत नव्हते. रोग ओळखू येई तेव्हा तो ओळखण्याचा उपयोग फारसा उरलेला नसे.

आज औषध आहे, आणि प्रश्न अधिक नाजूक झाला आहे. धनजला माझे थोरले बंधू राहतात. गेल्या वर्षी त्यांच्या थुंकीत जंतू सापडले. उपचार सुरू झाले, घरच्यांची तपासणी झाली, आणि पुतणीची 'इग्रा' ही रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली. तिला ना ताप, ना खोकला. छातीचा एक्स-रे स्वच्छ. वहिनींनी मला फोनवर विचारले, "भाऊजी, रक्तात निंघालं म्हणजे तिले झालंच ना?" पुतणीच्या सोयरिकीची बोलणी चालू होती, हे येथे सांगायलाच हवे. 'पॉझिटिव्ह' या शब्दाला गावात एकच अर्थ असतो.

वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर त्या चाचणीजवळ नाही. इग्रात रक्तातल्या पेशींना क्षयजंतूची दोन प्रथिने दाखवतात. पेशींना ओळख पटली तर त्या इंटरफेरॉन-गॅमा सोडतात, आणि तो मोजला जातो. बीसीजी लशीच्या जंतूत ही प्रथिने नसल्याने मांटू चाचणीसारखा लशीमुळे घोटाळा होत नाही, हा तिचा मोठा गुण. पण ती सांगते ती केवळ ओळख. भेट कधी झाली, पाहुणा गेला, झोपला की घर पोखरतो आहे, याविषयी ती मौन पाळते. व्याकरणाच्या भाषेत तिला फक्त भूतकाळ येतो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील ३१.४ टक्के भारतीयांत असा संसर्ग आढळला. आणि संसर्ग झालेल्यांपैकी आयुष्यभरात पाच ते दहा टक्क्यांनाच रोग होतो. एवढ्या मोठ्या गर्दीतून ते थोडे कोण, हे कसे कळावे?

रक्तातून वर्तमान वाचण्याचा एक सवंग प्रयोग आपल्याकडे होऊन गेला. प्रतिपिंडे मोजून क्षयाचे निदान करणाऱ्या चाचण्या खासगी प्रयोगशाळांत सर्रास चालत. त्या निरोग्यांना रोगी ठरवीत आणि रोग्यांना निरोगी. जून २०१२ मध्ये सरकारने त्यांवर बंदी घातली. ती फार आधी यायला हवी होती, असे माझे मत आहे.

नवे संशोधन निराळ्या वाटेने जाते. पांढऱ्या पेशींत या क्षणी कोणती जनुके जागी आहेत, हे ते पाहते. २०१० मध्ये सक्रिय क्षयाची अशी ३९३ जनुकसंदेशांची खूण 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे ती संख्या तीन जनुकांपर्यंत उतरली, बोटाच्या थेंबभर रक्तावर भागेल इतकी. आपल्या पुण्यात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातही क्षयरुग्ण आणि त्यांच्या घरच्यांचा दीर्घकालीन अभ्यास झाला आहे. अडचण अशी की, यांतली बरीच जनुके इंटरफेरॉनच्या हाकेला उठतात, आणि ती हाक साध्या विषाणूच्या तापातही घातली जाते. दक्षिण आफ्रिकेत अशा खुणेवरून धोक्याचे ठरलेल्यांना प्रतिबंधक औषध देऊन पाहिले. २०२१ मध्ये निष्कर्ष आला, रोग कमी झाला नाही.

शिवाय 'सुप्त' आणि 'सक्रिय' या दोन शब्दांतच रोग मावत नाही. त्याच सर्वेक्षणात सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के रुग्ण, छातीचा एक्स-रे काढला नसता तर निसटले असते. झोप आणि जाग यांच्यामध्ये मराठीत पेंग आहे, डुलकी आहे, जागेपणीचे सोंगही आहे. वैद्यकाला या मधल्या छटांची मोजणी अजून साधायची आहे.

वहिनींना मी सांगितले, "झालेलं नाही, पण सांभाळायचं आहे." पुतणीने आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे प्रतिबंधक औषध घेतले, लघवी लाल होते म्हणून प्रथम घाबरली, मग हसली. संसर्गानंतरची पहिली दोन वर्षे अधिक जोखमीची असतात. त्यांतले चौदा महिने उलटले आहेत. सोयरीक अजून ठरलेली नाही, आणि रात्री ती ठसकली की वहिनी उठून बसतात.