शेजारी उभी राहिलेली पुस्तके

ग्रंथसंग्रह हे व्यसनच आहे, पण आम्हा उभयतांनी ते जाणूनबुजून जोपासले आहे. १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीपासून १८४८ च्या उठावांपर्यंतचा काळ युरोपचे रोमँटिक युग म्हणून ओळखला जातो. त्या काळातील राजकीय चिंतनावरचे जुने अभ्यासग्रंथ आम्ही जमवतो. नाशिकमध्ये राहणाऱ्या कॅथलिक कुटुंबाला हा छंद कशाला, असे आप्तेष्ट विचारतात. त्याचे उत्तर नाशिकच्याच इतिहासात आहे.

इटलीचा देशभक्त मॅझिनी याने १८३१ मध्ये 'तरुण इटली' ही संघटना स्थापिली. तिचा आदर्श पुढे ठेवून नाशिकच्या 'मित्रमेळ्या'तून १९०४ मध्ये 'अभिनव भारत' उदयास आली. विनायकराव सावरकरांनी लंडनमध्ये केलेला मॅझिनीच्या लेखनाचा मराठी अनुवाद १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. २१ डिसेंबर १९०९ रोजी येथील विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. बाबाराव सावरकरांना झालेल्या काळ्या पाण्याच्या शिक्षेचा तो सूड होता. मारले गेलेले जॅक्सन स्वतः संस्कृतचे अभ्यासक होते. पुस्तकाने गोळी झाडली, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु दूरदेशीचा विचार छापील पानांतून गोदाकाठी येतो आणि माणसांच्या जिवाशी भिडतो, एवढे त्यावरून निश्चित कळते.

म्हणूनच आमच्या घरचा एक नियम आहे. कोणताही ग्रंथ एकटा घ्यायचा नाही. त्याचा प्रतिपक्षही त्याच्या शेजारी आला पाहिजे. एडमंड बर्क यांनी १७९० मध्ये क्रांतीवर टीका केली आणि १७९१ मध्ये थॉमस पेन यांनी 'राइट्स ऑफ मॅन' लिहून त्यांना उत्तर दिले. हाच ग्रंथ जोतीराव फुल्यांनी १८४७ मध्ये वाचला. आमच्या फळीवर बर्क आणि पेन खांद्याला खांदा लावून उभे आहेत. त्यांच्यालगत क्रेन ब्रिंटन यांचा इंग्रज रोमँटिक लेखकांच्या राजकीय विचारांवरचा १९२६ चा ग्रंथ आहे, आणि आल्फ्रेड कोबान यांचा बर्कवरील १९२९ चा.

खरी कसोटी लॅमने यांच्या वेळी लागली. या फ्रेंच धर्मगुरूंनी १८३० मध्ये देव आणि स्वातंत्र्य यांचा एकत्र जयघोष करणारे वृत्तपत्र काढले. त्यांच्या १८३४ च्या पुस्तकाचा पोप सोळावे ग्रेगरी यांनी त्याच वर्षी परिपत्रक काढून धिक्कार केला. लॅमने ख्रिस्तसभेपासून दुरावले आणि १८५४ मध्ये समेटाविनाच निवर्तले. त्यांचे सहकारी लाकोर्देर मात्र ख्रिस्तसभेतच राहिले आणि त्यांनी फ्रान्समध्ये डोमिनिकन संघ पुन्हा उभा केला. ज्या खोलीत रोज रोझरी होते, त्याच खोलीत हे निषिद्ध पुस्तक का, असे घरातील एका वडीलधाऱ्यांनी विचारले. त्यांचा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेला नाही. पुस्तकाशेजारी आम्ही अॅलेक विडलर यांचा १९५४ चा लॅमनेविषयक अभ्यासग्रंथ ठेवला आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची कागदपत्रेही. या परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धार्मिक स्वातंत्र्याचा हक्क मान्य केला. म्हणून लॅमने यांचे सारेच खरे होते असे नव्हे. पण त्यांची व्यथा समजून घेण्याजोगी होती, हे ती पुस्तके एकत्र वाचल्यावर उमगते. ते वडीलधारे आता स्वतःच विडलर मागून नेतात.

पावसाळ्यात कसर लागू नये म्हणून आम्ही फळ्यांवर वेखंडाच्या कांड्या ठेवतो आणि उघडीप मिळताच पुस्तकांना वारा देतो. आता वयपरत्वे आमच्यामागे या ग्रंथांचे काय होणार, हा विचार मनात येतो. रद्दीवाला ते वजनावर नेईल, एखादा जाणकार त्यांतील मोजकेच निवडील. मुलांना आम्ही एवढेच सांगून ठेवले आहे: विका वा दान करा, पण बर्कला पेनपासून आणि लॅमने यांना परिषदेच्या कागदपत्रांपासून वेगळे करू नका. एकाच बाजूचे पुस्तक ज्याच्या हाती पडते, त्याला अर्धेच सत्य वारशाने मिळते.