नवतीवर डोळा

संत्र्याच्या बागेचं प्रत्येक दुखणं फवारणीनं बरं होतं, असं माझं बरीच वर्षं पक्कं मत होतं. कोळशी आली, फवारा. फळगळ झाली, फवारा. रोह्यानं (म्हणजे नीलगाईनं) नवं कलम खुडलं, तर सडक्या अंड्यांचं पाणी फवारा. आमच्या वरुड-मोर्शीकडे बांधाला जुन्या साड्या बांधतात, त्यांना मी हसायचो. झटका मशीनवर पैसे घालणं ही हौस वाटायची. आता ते मत उरलेलं नाही.

अंड्यांचं पाणी काम करतं, हे आजही सांगेन. त्यातल्या गंधकाच्या वासानं चरणारं जनावर बिचकतं. पण वास असतो तो फवारलेल्या पानाला. काही दिवसांत शेंड्याला नवती फुटते, तिला कसलाच वास नसतो, आणि रोह्याला हवी असते ती नेमकी तीच. पावसाळ्यात तर एक मोठी सर आली की पंप पुन्हा पाठीवर.

नवतीकडे बघायला लागलो, तेव्हा कोळशीचंही गणित उलगडलं. काळी माशीसुद्धा अंडी घालते ती कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूला. पिल्लं रस शोषतात, चिकट गोड पाणी टाकतात आणि त्यावर काळी बुरशी चढते. पान काळं पडल्यावर वरून मारलेल्या औषधाचा त्या पिल्लांना पत्ताही लागत नाही. शिफारस आहे ती ५० टक्के अंडी फुटल्यावर फवारण्याची. ती वेळ पान उलटून, भिंग लावूनच कळते.

खरं सांगायचं तर माझ्या फवारणीच्या सोसामागे औषधावरचा विश्वास कमी आणि मनाचं समाधानच जास्त होतं. पंप पाठीवर घेतला की काहीतरी केल्यासारखं वाटतं, रात्री झोप लागते. पान उलटून बघायचं आणि ‘आज नको’ म्हणत घरी परतायचं, हे जड जातं. शेजारच्या बागेत पंप चालू असला की आणखी जड.

आता कोवळ्या कलमांच्या तुकड्याला सौर झटका मशीनची तार आहे. (घरची वीज थेट तारेत सोडणारेही असतात. त्यात जनावर मरतं, माणूसही मरतो, आणि तो गुन्हा आहे. मशीनचा झटका क्षणभराचा, तोही थांबून थांबून.) मोठ्या झाडांना तार नाही, त्यांचा शेंडा रोह्याच्या तोंडाला लागत नाही. तिथे त्रास चितळाच्या नराचा. तो बुंध्यावर शिंगं घासतो, साल सोलली जाते आणि त्या जखमेतून डिंक्याला वाट मिळते. त्यावर बोर्डो मलम: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. हे ब्रशनं लावायचं, पंपाचं इथे कामच नाही.

रोह्यावर माझं प्रेम जडलेलं नाही. १९७२ च्या कायद्यानं त्याला संरक्षण आहे आणि त्याच्या चाऱ्याचा खर्च आमच्याकडे आहे, ही तक्रार कायम आहे. साड्यांना मात्र आता हसत नाही. वाऱ्यानं फडफडतात तितके दिवस त्या उपयोगाच्या. आणि वानरांचं काही विचारू नका. ती तारेच्या वाटेला जातच नाहीत, बांधावरच्या कडुलिंबावरून थेट फळांवर उतरतात.