किती उजेड पुरे?

रात्रीच्या सायकलिंगसाठी दिवा शोधायला लागलं की पहिला आकडा समोर येतो तो लुमेनचा. 400, 800, 1200. फोनच्या मेगापिक्सेलसारखंच, आकडा मोठा तेवढा माल भारी. पण लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड. त्यातला रस्त्यावर किती पडतो आणि कडेच्या झाडांवर किती वाया जातो, हे त्यातून कळत नाही. रस्त्यावर प्रत्यक्ष पोचणारा उजेड लक्समध्ये मोजतात.

मग मी उलटा हिशोब मांडला. ताशी 25 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 7 मीटर. खड्डा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला तर 10 मीटर तिथेच गेले. सायकल थांबायला आणखी आठ-नऊ. म्हणजे सपाट रस्त्यावर पुढचे 25 मीटर नीट दिसले तरी भागतं. घाट उतरताना वेग 45 झाला की हेच अंतर दुपटीच्याही वर जातं. दुप्पट अंतरावर तेवढाच उजेड पाडायचा तर त्याच झोताचा दिवा चौपट ताकदीचा लागतो. नाहीतर घाटात हळू उतरायचं. हा उपाय फुकट आहे, आणि बॅटरीही वाचते. 400 किलोमीटरच्या ब्रेव्हेला 27 तास असतात. त्यात एक अख्खी रात्र येतेच. दोन तासांत मान टाकणारा 1200 लुमेनचा दिवा तिथे काय कामाचा?

इथवर सगळं गणित माझ्याच डोळ्यांचं. पण साताऱ्या-सांगलीकडच्या आतल्या रस्त्यांवर रात्री मी एकटा नसतो. हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात. मागे ऊस एवढा बाहेर आलेला की टेललाइट असलाच तरी झाकला जातो. आणि पायी चालणारी माणसं असतात. शेतीची थ्री-फेज लाईट बऱ्याच गावांत काही दिवस रात्रीच येते, म्हणून माणूस मध्यरात्री दारं धरायला निघतो. हातात बॅटरी, नजर पायाखाली, कारण गवतात घोणस असू शकते. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. सायकलचा झोत थेट तोंडावर आला की ती कमाई क्षणात जाते. सायकलवाला पुढे निघून जातो. त्याला मात्र तशाच डोळ्यांनी बांधावर उतरायचं असतं.

जर्मनीत सायकलच्या दिव्याचा झोत वरून कापलेला असावा लागतो, गाडीच्या लो-बीमसारखा. लुकलुकणारे दिवेही तिथे चालत नाहीत. आपल्याकडे असा दिवा कुणी मागत नाही, पण मी तोच घेतला: मध्यम ताकदीचा, वरून कापलेला. मागे न लुकलुकणारा लाल दिवा, म्हणजे मागच्याला अंतराचा अंदाज येतो. शिवाय घोट्यांवर चमकणारे पट्टे. पाय वर-खाली होताना दिसले की ट्रकवाल्याला लांबूनच कळतं, हा माणूस आहे.

दिवा बसवल्यावर सायकल भिंतीसमोर उभी करून बघावी. झोताची वरची कड दिव्याच्या उंचीच्या खालीच राहायला हवी. खरी परीक्षा मात्र रस्त्यावर होते. समोरून बॅटरी घेऊन येणारा माणूस डोळ्यांवर हात न घेता, न थबकता शेजारून गेला, की समजायचं दिवा बरोबर बसलाय.