ओवीतला ख्रिस्त

‘ख्रिस्तपुराण’ हे मनातल्या मनात वाचायचे काव्य नव्हे. ते म्हणायचे आणि ऐकायचे. कर्ते फादर थॉमस स्टीफन्स हे 1579 मध्ये गोव्यात उतरलेले इंग्रज जेझुइट. 1616 मध्ये रायतूरला ग्रंथ छापला गेला, तोही रोमन लिपीत. सुमारे अकरा हजार ओव्या. पहिल्या भागात जुना करार, दुसऱ्यात येशूचे चरित्र.

ग्रंथाचे निमित्त ग्रंथातच आहे. गोव्यातल्या सासष्टीतला एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण पाद्रींना विचारतो, की जुनी पुराणे बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही? प्रश्न रास्त होता. पोर्तुगीज अमलात देवळे पडली, पोथ्या गेल्या. त्यांच्या जागी आलेली धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे घोकता येत. चार माणसांत रंगून ऐकता येत नसत.

स्टीफन्स यांनी ओवी निवडली, ही त्यांची खरी जाण. तिचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. तिथे म्हणणारा दम घेतो, ऐकणाऱ्याच्या मनात अर्थ मुरतो. लॅटिन स्तोत्रगायनाची घडणही याच्याशी जुळते: ग्रेगोरियन पद्धतीत ओळ बहुतांशी एका स्वरावर म्हणतात आणि शेवटी ठरावीक वळणाने खाली उतरवतात. दोन्हीकडे ताल शब्दांच्या मागून चालतो. पण सासष्टीच्या शेतकऱ्याला लॅटिन परकी, ओवी कानातली. शब्दही ओळखीचे ठेवले गेले. स्वर्गाला या ग्रंथात ‘वैकुंठ’ म्हटले आहे!

गाण्याने माणसे धर्मात येतात, हे विधान मात्र जपूनच करावे. या पुराणाचे पहिले श्रोते बाप्तिस्मा झालेलेच होते, आणि त्यामागे पुष्कळदा सत्तेचे दडपण होते. त्यांना नवा धर्म आपला वाटू लागला, एवढे श्रेय ओवीचे.

ओवीची ही पुंजी मराठवाड्यात आणखी जुनी. परभणी जिल्ह्यातले गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव, आणि जात्यावरच्या ओवीशी जनाबाईंचे नाव कायमचे जोडलेले. याच जिल्ह्यातला कॅथलिक समाज लहान आहे. परभणी ज्यात मोडते तो औरंगाबाद धर्मप्रांत 1977 चा. त्याआधी, 1963 मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली होती. म्हणून या धर्मप्रांताची मिस्सा आरंभापासून मराठीत होऊ शकली, आणि भजनाचा ठेका तर इथल्या कानांना परिचयाचाच होता.

गोव्यात उलटे घडले. 1684 च्या हुकमाने लोकभाषेवरच गदा आली. मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी पुराण म्हणत आणि उतरवून घेत जपले. 1616, 1649 आणि 1654 या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. 1907 ची मंगळूर आवृत्ती हस्तलिखितांवरूनच तयार झाली.