सीतेच्या आडून

आत्मकथन लेखनाच्या कार्यशाळेत नाव घातलं ते खरं तर सुनेच्या आग्रहानं. चार रविवार, कोथरूडमधला एक हॉल, साठीपुढची वीस-बावीस माणसं आणि माझ्या भाचीच्या वयाची शिकवणारी मुलगी. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "पहिलं वाक्य 'मी'पासून सुरू करा." मी 'मी' लिहिलं आणि वीस मिनिटं त्या एका अक्षराकडे बघत बसले. शेजारच्या निवृत्त बँक मॅनेजरांची तोवर दोन पानं झाली होती.

माझ्या आजीला लिहिता येत नव्हतं. आलं असतं तरी 'मी'वरून सुरुवात तिनं केली नसती. मुळशी खोऱ्यातल्या आमच्या घरात पहाटे चारला ती जात्यावर बसायची, समोर थोरली काकू. दोघींचा हात एकाच खुंट्यावर. एकीनं वैरण घालायची, दुसरीनं ओवी उचलायची. मी पलीकडे गोधडीत. जात्याची घरघर अशी, की ओटीवर निजलेल्या पुरुषांना सूर कळावा आणि शब्द कळू नयेत. ही सोय कुणी मुद्दाम केली नसेल, पण बायकांनी ती पुरेपूर वापरली.

त्या शब्दांत सीता असायची. रामायणाच्या पोथीतली नव्हे, आमच्या खोऱ्यातली. तिची सासू कैकयी. तिनं सुनेकडून रावणाचं चित्र काढवून घेतलं आणि मुलाचे कान भरले. मग भरल्या दिवसांची सीता रानात, लव-कुशांचं बाळंतपण रानात, अंगावर पांघरायला धड काही नाही. एका ओवीत तर सीता आपला सासुरवास थोडा थोडा करून साऱ्या बायकांना वाटून टाकते, म्हणून तो घरोघरी पोचला. हे गाताना आजीचा आवाज हलायचा. एकदा मी विचारलं, "सीतेसाठी रडतेस?" ती म्हणाली, "रामाघरच्या बाईला सुटला न्हाई, मला कसा सुटंल?"

तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या चार वर्षांत काय काय घडलं, ते मला फार पुढे, काकूकडून कळलं. तेव्हा लक्षात आलं, की मी ते सगळं लहानपणी, गोधडीत, ऐकून ठेवलेलं होतं. फक्त नावं वेगळी होती.

मग गावात डिझेलवरची गिरणी आली. जात्याच्या आठवणीनं गळा काढणाऱ्या शहरी लेखांचा मला राग येतो. पायलीभर नाचणी दळून बघावी आणि मग लिहावं. गिरणी आली त्या दिवशी आजी दळणाचा डबा डोक्यावर घेऊन हसत गेली होती. जातं सणाला, लग्नातल्या हळदीला तेवढं उरलं. ओव्या मात्र कुणी गिरणीत नेल्या नाहीत. रांगेत उभं राहून कोण गाणार?

त्या वाचल्या त्या दुसऱ्याच वाटेनं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह 1980च्या दशकापासून गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. आता त्यातल्या कित्येक फोनवरही ऐकायला मिळतात. मी त्या ऐकायला बसले आणि दहा मिनिटांत बंद केल्या. आवाज दुसऱ्या कुणा आजीचा, रडणं तेच.

कॉलेजात असताना इरावती कर्व्यांचं 'युगान्त' वाचलं. 1967चं पुस्तक. गांधारीचा राग, कुंतीचं एकटेपण माणसाच्या मापानं मांडलेलं बघून आम्ही मुली थरारून गेलो होतो. आज वाटतं, आजीला त्यात नवल वाटलं नसतं. आणि शिऊरच्या बहिणाबाईंनी तर सतराव्या शतकातच दोन्ही टोकं धरली होती. नवऱ्याच्या माराबद्दल त्यांनी आडपडदा न ठेवता अभंगांत सांगितलं आणि त्याच अभंगांत आपले मागचे बारा जन्मही मुलाला सांगितले. पुढे लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त कुणाचाच आडोसा घेतला नाही. वडिलांच्या सोवळ्याचं वेड त्या काय हसत सांगतात! आम्ही कार्यशाळेत शिकलो ते बहुधा हेच, पण आमच्यापैकी कुणाला तसं हसता येत नव्हतं.

आता सगळं सोपं झालंय. फोनशी बोललं की अक्षरं उमटतात, शंभर प्रती छापून मिळतात, पंचाहत्तरीच्या समारंभात वाटता येतात. मॅनेजरांचं पुस्तक निघालंसुद्धा. त्यात बदल्या आहेत, बढत्या आहेत, पत्नीचा 'मोलाचा वाटा' आहे. 'मी' पानोपानी आहे आणि मॅनेजर मला कुठे सापडले नाहीत. माझ्या वहीत तरी काय होतं? पत्ते, तारखा, मुलांच्या मुंजी. सासूबाईंपाशी आलं की पेन अडायचं. त्या जाऊन अठरा वर्षं झाली, पण नातवंडं वाचणार, नणंदा वाचणार.

तिसऱ्या रविवारी मी 'सासूबाई' खोडलं आणि वर 'कैकयी' लिहिलं. त्या दुपारी अकरा पानं झाली.

सून टाइप करायला बसली. चौथ्या पानावर थांबून म्हणाली, "आई, ही कैकयी कोण?"

"रामायणातली."

तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बरंय," म्हणाली, "नाव लक्षात ठेवते. पुढेमागे मलाही लागेल."