कुंभार्ली घाटात तापलेला पंप

चिपळूणहून कराडला यायचे तर कुंभार्ली घाट चढावा लागतो. अंतर फार नाही, पण मे महिन्यात हा रस्ता माणसांना आणि गाडीला सारखाच घाम फोडतो. भर उन्हाळ्यातही चिपळूणच्या वाशिष्ठीला पाणी दिसते ना, ते खरे म्हणजे आमच्या बाजूचे, कोयनेचे! पोफळीला डोंगराच्या पोटात वीजघर आहे. तिथली चाके फिरवून ते पाणी वाशिष्ठीला मिळते आणि समुद्राकडे जाते. आपण मात्र तोच डोंगर उलट चढायचा. पोफळी मागे पडली की वळणे सुरू होतात ती थेट माथ्यापर्यंत. करवंदांच्या जाळ्या, खाली धुरकट दिसणारे कोकण, आणि समोर लाकडे किंवा आंबे भरून कण्हत चढणारा एखादा ट्रक. त्याच्या मागे आपण, पहिल्या गिअरमध्ये.

आमची गाडी १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी, सासऱ्यांनी घेतलेली. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडणे बंद झाल्याला आता दोन तपे होऊन गेली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. आमची अजून दर मे महिन्यात माझ्या माहेरी, चिपळूणला, जाते. जाताना कुरकूर नाही. परत येताना मात्र घाटात हमखास रुसते! एका गॅरेजवाल्याने दोनदा नवा पेट्रोल पंप बसवून पैसे घेतले. दोन्ही वेळा पुढच्या मे महिन्यात गाडी थांबली ती थांबलीच.

गेल्या मे महिन्यातही तेच. दुपारचे चार वाजलेले. गाडीने दोन-तीन आचके दिले आणि इंजिन बंद. रेडिएटरमधून वाफ नाही, टाकीत पेट्रोल भरपूर. मागे सासूबाई आणि माझी सात वर्षांची लेक. मोबाइलला रेंज नाही. आणि पिण्याचे पाणी उरले होते जेमतेम दोन तांबे! त्यातले सासूबाईंच्या संध्याकाळच्या गोळ्यांना हवे, लेकीला तर तहान लागलेलीच होती, आणि हे बॉनेट उघडून म्हणत होते, "पंपावर ओतायला पाणी दे."

मैत्रिणींनो, हा पंप बिघडलेला नसतो, तापलेला असतो. जुन्या गाडीत तो इंजिनलाच बोल्टने जोडलेला असतो आणि इंजिनच्या फिरण्यावरच चालतो. आत एक लवचिक पडदा वरखाली होतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. चढावर टाकी खाली, इंजिन वर. म्हणजे ओढायचे काम जास्त. पेट्रोलचा हलका भाग तर साधारण ३५-४० अंशांनाच उकळू लागतो. पंप तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते. आपल्या हापशीने हवा धरली की दांडा कितीही हलवा, पाणी येत नाही, तसेच हे! पडदा हलत राहतो, पण ओढतो नुसती वाफ. नवा पंप बसवून काय होणार? तोही त्याच जागी बसून तेवढाच तापणार.

पाण्याचा निकाल सासूबाईंनी लावला. म्हणाल्या, "ओतताय कशाला? माठाला आपण पाणी ओततो का बाहेरून? फडके गुंडाळा." अगदी बरोबर. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते, म्हणून माठ गार. घाटात वारा होताच. सासऱ्यांच्या जुन्या धोतराचा तुकडा डिकीत होता, तो अर्ध्या तांब्यात भिजला. फडके सुतीच हवे. टेरीकॉट पाणी धरत नाही. गुंडाळण्याआधी पंपाला कुठे पेट्रोलचा ओल नाही ना हे बघायचे, असेल तर हात लावायचा नाही. फडक्याची टोके नीट खोचायची, पंख्यात किंवा पट्ट्यात गेली तर नसते संकट. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतणे तर नकोच, लोखंड तडकू शकते. आणि सारखा सेल्फ मारायचा नाही, बॅटरी उतरते.

बॉनेट उघडे ठेवून आम्ही अर्धा तास बसलो. लेकीला आधी पाणी दिले, मग तिने करवंदे खाल्ली आणि ओठ काळे करून घेतले. एक ट्रकवाला थांबला, "वहिनी, पाणी हाय का?" म्हणून विचारून त्याने बाटली भरून दिली. अशी माणसे घाटातच भेटतात.

अर्ध्या तासाने गाडी सुरू झाली, म्हणजे दोष उष्णतेचाच. गार होऊनही सुरू झाली नसती, तर टाकीचे झाकण उघडून पाहायचे. सूं करून हवा आत गेली तर झाकणाचे भोक बुजलेले. इंजिनच्या ऑइलला पेट्रोलचा वास आला तर मात्र पडदा फाटलेला, तेव्हा गाडी चालवायची नाही. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, जुन्या रबराला ते मानवत नाही. पडदा आणि नळ्या वेळेवर बदलून घेतलेल्या बऱ्या. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये बेकेलाइटचा एक जाड तुकडा असतो, उष्णता अडवण्यासाठी. आमच्या गाडीत तो चिरलेला निघाला. दोन पंपांच्या पैशांपुढे त्याची किंमत काहीच नव्हती!

हेळवाकला चहासाठी उतरलो. इंजिन बंद केले की पंखाही थांबतो आणि पंप उलट जास्तच तापतो, म्हणून ह्यांनी गाडी सावलीत लावून बॉनेट उघडे टाकले. धोतराचा तुकडा वाळून कडक झाला होता. चहावाल्याकडून तांब्याभर पाणी घेऊन मी तो पुन्हा भिजवला. पाटणपर्यंत अजून ऊन होते.